गजकर्ण: नाव आणि निदान

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातले शेजारी तालुके. भीमा-घोडच्या पाण्यावरचा ऊस, गुऱ्हाळे, साखर कारखाने, रांजणगावची औद्योगिक वसाहत आणि दौंड जंक्शनहून पुण्याकडे जाणाऱ्या भरगच्च गाड्या असा हा घामाचा मुलूख. ऊसतोडीच्या टोळीतल्या कोपीत अंगावरचे कपडे धुऊन वाळवायला ना पुरेसे पाणी असते, ना सवड. कारखान्यातला कामगार बारा-बारा तास घट्ट कपड्यात उभा असतो. अशा अंगावर, बहुधा जांघेत किंवा कमरेच्या पट्ट्याखाली, एक गोल चट्टा उठतो. कड लाल आणि उंच, मध्ये कातडी जवळजवळ स्वच्छ, आणि खाज अशी की रात्री झोप लागू नये.

पहिले काही दिवस माणूस तो लपवतो. मग कोणीतरी सांगते, "गजकर्ण आहे, ट्यूब लाव." ट्यूबने आठवडाभर बरे वाटते, आणि मग त्या कड्याशेजारी दुसरे कडे दिसते. काही महिने असे गेले की मनात दुसराच शब्द डोकावतो: महारोग तर नसेल? एक शब्द हसण्यावारी नेण्याचा, दुसरा उच्चारायलाही भीती वाटावी असा. या दोन शब्दांमध्ये अडकलेल्या निदानाचा इतिहास बराच जुना आहे.

नावांपासूनच पाहू. मराठीत गजकर्ण आणि नायटा, संस्कृतात दद्रू. पावसाळ्यात बांधावर उगवणाऱ्या टाकळ्याला संस्कृतात 'चक्रमर्द' म्हणतात, म्हणजे चक्र मोडणारा. त्याचेच दुसरे नाव 'दद्रुघ्न'. त्वचेवरच्या चक्राची ओळख इतकी पक्की होती की औषधी वनस्पतीचे नावही त्यावरूनच पडले. इंग्रजांनी या रोगाला कड्याचा किडा ठरवले, तर लॅटिन नाव कपडे कुरतडणाऱ्या कसरीच्या अळीवरून आले. प्रत्येक भाषेने डोळ्यांना जे दिसले त्याला नाव दिले. कारण मात्र कोणाच्याच नावात नव्हते.

केवळ डोळ्यांवर विसंबण्याची अडचण आपल्या ग्रंथांतही दिसते. चरक आणि सुश्रुत दोघेही कुष्ठाचे अठरा प्रकार मानतात: सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे. पण दद्रू कुठे घालायचा यावर त्यांचे एकमत नाही. चरकाने तो क्षुद्रकुष्ठांत धरला, सुश्रुताने महाकुष्ठांत. आज आपण ज्याला कुष्ठरोग म्हणतो आणि ज्याला गजकर्ण म्हणतो, ते दोन्ही तेव्हा 'कुष्ठ' या एकाच छत्राखाली होते. मात्र त्याच ग्रंथांत कुष्ठाच्या पूर्वलक्षणांमध्ये स्पर्शाची जाणीव हरपणे नोंदवलेले आहे. हे निरीक्षण पुढे फार मोलाचे ठरायचे होते.

कारण सापडले ते सूक्ष्मदर्शकातून. १८४१ ते १८४४ या काळात पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रुबी याने डोक्याच्या व त्वचेच्या अशा रोगांमागे बुरशी असल्याचे दाखवले. १८७३ साली नॉर्वेत हॅन्सनने कुष्ठरोगाचे जंतू पाहिले. या दोन्ही वाटा आपल्याकडे एकाच माणसाच्या कामात एकत्र येतात. 'ग्रेज् अॅनाटॉमी'ची चित्रे काढणारा हेन्री व्हॅन्डाइक कार्टर मुंबई इलाख्यात डॉक्टर होता. काही वर्षे साताऱ्यालाही होता. पायाला होणाऱ्या 'मायसेटोमा' या रोगाचा बुरशीशी संबंध त्याने मांडला, कुष्ठरोगाच्या अभ्यासासाठी तो नॉर्वेला जाऊन आला, आणि १८७४ साली दोन्ही विषयांवरचे त्याचे ग्रंथ प्रसिद्ध झाले. त्वचेवर जे दिसते त्याच्या आत काय आहे ते पाहिल्याशिवाय नाव देऊ नये, हाच या सगळ्या कामाचा अर्थ होता.

चुकीच्या निदानातूनही कधी लाभ झाला, त्याची एक कथा गोव्याशी जोडलेली आहे. एकोणिसाव्या शतकात गजकर्णावर 'गोवा पावडर' नावाची पिवळसर पूड विकली जाई. गोव्याचा तिच्याशी संबंध केवळ वाटेचा. पोर्तुगीज व्यापारातून ती ब्राझीलहून येत असे. १८७५च्या सुमारास बाहियातले डॉक्टर दा सिल्व्हा लिमा यांनी ती तिथल्या अरारोबा झाडाची असल्याचे दाखवले. त्याच दशकात लंडनच्या बाल्मॅनो स्क्वायरकडे आलेल्या एका रोग्याने आपल्याला गजकर्ण झाल्याचे समजून ही पूड लावली होती. प्रत्यक्षात त्याला सोरायसिस होता, आणि तो या पुडीने उतरला. पुढे १९१६ साली जर्मनीत तिच्या धर्तीवर डिथ्रॅनॉल तयार झाले आणि ते सोरायसिसचे महत्त्वाचे औषध ठरले. असा योग मात्र विरळाच. एरवी चुकीच्या नावाची किंमत रोगीच मोजतो.

ही किंमत सर्वांत जास्त मोजली ती कुष्ठरोग्यांनी. कुष्ठरोगाचा चट्टाही कधी कड्यासारखा असतो, पण तो बहुधा खाजत नाही. तिथे घाम येत नाही, केस विरळ होतात आणि कापसाचा स्पर्श कळत नाही. १९५१पासून वर्ध्याच्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनने सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार या त्रिसूत्रीवर गावोगाव रोगी शोधण्याचे काम केले. १९८०च्या दशकात बहुविध औषधोपचार आला आणि रोग पूर्ण बरा होऊ लागला. तरी शब्दाची भीती औषधाच्या वेगाने ओसरली नाही. म्हणून आजही खाजणाऱ्या कड्याला लोक महारोग समजून घाबरतात, आणि न खाजणारा बधिर चट्टा गजकर्ण समजून वर्षभर अंगावर काढतात. यातली दुसरी चूक अधिक महाग, कारण तेवढ्या काळात मज्जातंतू निकामी होतात.

गजकर्णावर पोटातून देण्याजोगे खात्रीचे औषध, ग्रिसिओफल्विन, १९५८च्या सुमारास उपयोगात येऊ लागले. पण त्याआधीच, १९५२ साली, स्टिरॉइडचे मलम आले होते. ते खाज आणि लाली दडपते. बुरशी मात्र वाढतच राहते. कड पुसट होते, कड्यात कडे उमटते आणि रोगाची ओळखच हरवते. १९६८ साली आइव्ह आणि मार्क्स या डॉक्टरांनी या अवस्थेला वेशांतर केलेला नायटा अशा अर्थाचे नाव दिले. आपल्याकडे स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकाच नळीत घालून ती चिठ्ठीविना विकण्याची रीत पडली. २०१८ साली केंद्र सरकारने चौदा स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तोवर भारतात चिवट गजकर्णाची साथ पसरली होती. त्यामागच्या बुरशीला २०२० साली 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' हे नाव मिळाले, आणि त्यात आपल्या देशाचे नाव गोवले गेले. नेहमीचे टर्बिनाफिन हे औषध तिच्या अनेक वाणांवर चालत नाही. २०२३ साली तिचे रोगी न्यूयॉर्कमध्येही नोंदवले गेले.

एवढ्या प्रवासानंतर निदानाची साधने मात्र साधीच आहेत. बुरशी मधून सरकत कडेला जिवंत राहते, म्हणून कड्याच्या कडेची कातडी खरवडून घ्यायची, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली तंतू शोधायचे. चट्ट्यावर डोळे मिटून कापूस फिरवायचा आणि स्पर्श कळतो का ते विचारायचे. दोन्हींमध्ये काही सापडले नाही, तर सोरायसिस, इसब किंवा 'ग्रॅन्युलोमा अॅन्युलेअर'सारख्या निरुपद्रवी कड्यांचा विचार करायचा, आणि गरज पडल्यास कातडीचा तुकडा तपासायचा.

दौंडहून ससूनला जायला गाडी आहे. पुणे स्टेशनात उतरले की रुग्णालय जवळच. शिरूरहून एस.टी. आहे. पण एका फेरीत एक दिवसाची मजुरी बुडते, आणि ट्यूब कोपऱ्यावरच मिळते. माणूस ट्यूबच घेतो, यात त्याचे अज्ञान कमी आणि हिशेब जास्त आहे. म्हणून कापसाचा बोळा आणि काचपट्टी तालुक्याच्या दवाखान्यातच रोज वापरात असायला हवी. चरक-सुश्रुतांना जे एका यादीत बसवता आले नाही, ते तिथे दहा मिनिटांत वेगळे करता येते.