अस्थिऊतक आणि इतिहास : इनामगावची साक्ष

लेखी साधने ज्या काळाविषयी मौन पाळतात, त्या काळाचे दप्तर पुष्कळदा माणसाच्या हाडांतच सापडते. शिरूर तालुक्यातील इनामगाव हे याचे ठळक उदाहरण होय. शिरूरकडून दौंडच्या बाजूस भीमेकडे जाणाऱ्या घोड नदीच्या उजव्या काठावरील या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. तेथे घरांच्या जमिनीखाली दोनशेंहून अधिक दफने आढळली. त्यांतील बहुसंख्य बालकांची असून ती तोंडास तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन कुंभांत होती.

या अस्थींचे मोल कळण्यास अस्थिऊतकाची घडण ध्यानात घेतली पाहिजे. हाडाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग कॅल्शियम व फॉस्फरसयुक्त खनिजाचा, उरलेला मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाचा असतो. खनिजामुळे काठिण्य येते, कोलॅजेनमुळे चिवटपणा. अस्थिजनक कोशिका नवे ऊतक घालतात, अस्थिभंजक कोशिका जुने झिजवतात आणि घन भागात रुतलेल्या अस्थिकोशिका त्यावरील ताण ओळखतात. हा जमाखर्च जन्मभर चालतो. बालपणी अन्न अपुरे पडल्यास हाडाची लांबी खुंटू शकते. लांबी वाढलीच तरी घन भिंत पातळ राहू शकते. उपासमारीची नोंद अशा रीतीने हाडातच होते.

इनामगावी आरंभीच्या जोर्वे काळातील प्रशस्त चौकोनी घरांची जागा इ. स. पू. १००० नंतर लहान गोल झोपड्यांनी घेतली. पर्जन्यमान घटल्याने शेती खालावली, असे म. के. ढवळीकर यांनी प्रतिपादन केले. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ च्या ग्रंथात बालकांच्या मांडीच्या हाडांची लांबी व छेदांची घडण तपासली, तेव्हा उत्तरकालीन बालकांची वाढ खुंटल्याचे दिसून आले. मात्र त्याचे खापर केवळ अवर्षणावर फोडण्यास त्यांनी हरकत घेतली. जमिनीवर पडलेला शेतीचा भारही त्यांनी विचारात घेतला.

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगली पाहिजे. कुंभांत सापडतात ती दगावलेली बालके. जगून मोठी झालेली नव्हेत. त्यांच्या अस्थींवरून सर्व गावाचे आरोग्य ठरविणे धोक्याचे आहे. शिवाय हाड कुपोषण सांगते, त्याचे कारण सांगत नाही. ते कारण धान्य, जनावरांचे अवशेष व नदीचा गाळ यांच्याशी ताडूनच शोधावे लागते. अस्थी ही विश्वसनीय साक्षीदार आहे. निवाडा मात्र इतिहासकारानेच करावयाचा असतो.