भरल्या पावाचं आजोळ

पनीर, चीज, लसूण आणि हिरवी मिरची पोटात घेऊन भाजलेला पाव लोहाऱ्यातल्या एखाद्या वाढदिवसाच्या पार्टीत ताटलीत आला, की सगळे त्याला पुण्या-मुंबईकडचा पाहुणा समजतात. मला त्याचं आजोळ उमरग्याच्या पलीकडेच दिसतं.

सोलापूर-हैदराबाद महामार्गाने उमरगा ओलांडून सस्तापूर बंगल्यापाशी वळलं, की बसवकल्याण येतं. आज ते बिदर जिल्ह्यात आहे. 12व्या शतकात ती चालुक्यांची राजधानी कल्याणी होती. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराने 1129च्या सुमारास ‘मानसोल्लास’ सिद्ध केला. हत्ती, रत्नं, संगीत, शिकार असे शंभर अध्याय आणि त्यांतच एक ‘अन्नभोग’. श्रीगोंदेकरांनी संपादित केलेला हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्या मालेत छापून आला, म्हणून तो आपल्या हाती आहे.

त्यात ‘क्षीरप्रकार’ नावाचा पदार्थ आहे. तापल्या दुधात आंबट घालून ते फाडायचं, पाणी काढून टाकायचं, उरलेल्या गोळ्यात तांदळाचं पीठ मिसळून तळायचं आणि साखरेत घोळायचं. म्हणजे आपण ज्याला पनीर म्हणतो त्याची पहिली पायरी इथे लिहून ठेवलेली आहे.

हे महत्त्वाचं अशासाठी, की अन्नाच्या इतिहासात एक मत फार रुजलं आहे. दूध फाडणं भारतात निषिद्ध मानलं जाई आणि तो संकोच पोर्तुगीजांनी बंगालात घालवला, असं ते मत. पुरावा म्हणून 17व्या शतकातला फ्रेंच प्रवासी बर्निये पुढे केला जातो. बंगालच्या मिठायांची, विशेषतः पोर्तुगीज वस्तीतल्या मिठायांची, त्याने वाखाणणी केली आहे. पण बर्निये मिठायांबद्दल बोलतो. त्याआधी तिथे कुणी दूध फाडतच नव्हतं, असं त्यातून निघत नाही. आणि वास्को द गामा कालिकतला उतरला 1498 साली. कल्याणीचा मुदपाकखाना त्याच्या साडेतीनशेहून अधिक वर्षं आधी राजासाठी निःसंकोच दूध फाडत होता. निषेध कुठे असेलच तर पूजेच्या नैवेद्यापुरता असावा. राजाच्या ताटाला तो लागू नव्हता, हे माझं ठाम मत आहे.

कणकेत सारण कोंबण्याची रीतही तिथलीच. मांड्यांबरोबर ‘वेष्टिका’ हा सारण वेढून भाजलेला प्रकार त्याच अध्यायात येतो. पुरणपोळीचा वंश अभ्यासक तिथपर्यंत नेतात. मी त्यात भरला पावही बसवतो, कारण हाताचं काम तेच आहे: पारी, मध्ये सारण, कडा मिटवून आच.

उरलेले टप्पे पटकन सांगता येतात. यीस्टने फुगवलेला पाव पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आला आणि मुंबईत पसरला. मराठवाडा 1948पर्यंत निजामाच्या राज्यात होता, म्हणून आपल्याकडे भट्टीची भाकरी नानबाईच्या वाटेनेही आली असणार.

माझ्या सिद्धांताला खरी अडचण चीजच करतं. घास तोडताना निघणारी ती लांब तार क्षीरप्रकारातून कधीच निघणार नाही. तापवून आंबटाने फाडलेल्या दुधात केसीन आणि निवळीतली प्रथिनं एकमेकांत घट्ट अडकतात. पनीर परतलं तरी आकार सोडत नाही. चीज रेनेटने विरजतात. त्यात केसीनला कॅल्शियमने बांधून ठेवलेलं असतं आणि उष्णतेने ती वीण सैलावते. रेनेट मुळात वासराच्या जठरातलं. ते कल्याणीच्या ग्रंथात शोधायला जाऊ नये. आपल्या दुकानांतल्या चीजला आता सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट वापरतात, म्हणून ते शाकाहारी घरातही चालतं. तेव्हा तार परकी, सारण आपलं, अशी वाटणी मला मान्य आहे.

पार्टीसाठी करताना मी ही वाटणी तशीच ठेवतो. दोन भाग कुस्करलेलं पनीर, एक भाग किसलेलं चीज; नुसतं चीज भरलं तर ते शिवणीतून वाहून जातं, पनीर त्याला धरून ठेवतं. घरात ओव्हन नसेल तर जाड कढईत मिठाचा थर तापवावा, त्यावर तिवई आणि तिच्यावर ताटली ठेवून घट्ट झाकावं. वरून लोणी-लसूण लावावं, पण पाव तांबूस झाल्यावरच, नाहीतर लसूण करपून कडू होतो.