प्राणिजन्य आजारांची पूर्वतयारी : नैतिक बाजू

प्राण्यांतून माणसांत येणाऱ्या आजारांशी सामना करण्यासाठी साथीपूर्वी जी व्यवस्था उभारली जाते, तिच्यातील न्याय-अन्यायाचा विचार. टेहळणी, जनावरे मारणे, लस, भरपाई हे निर्णय तांत्रिक वाटतात. पण त्यांत झळ एकाला बसते आणि संरक्षण दुसऱ्याला मिळते. ही तफावत कशी भरून काढायची, हा या विषयाचा गाभा आहे.

कत्तल आणि भरपाई : भारतातील एच५एन१ बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे नोंदला गेला. त्या वेळी लाखो कोंबड्या मारण्यात आल्या. पोल्ट्रीमालकाचा तो धंदा असतो; परसातली गावठी कोंबडी मात्र गरीब घराची अडीनडीला विकायची पुंजी असते. ती सर्वांच्या आरोग्यासाठी मारायची, तर तिची किंमत सर्वांनी मिळून चुकवली पाहिजे. भरपाई तुटपुंजी किंवा उशिरा मिळणार असेल, तर मरतुकीची खबर दडवली जाते, आजारी पक्षी गुपचूप विकले जातात आणि रोग पसरतो. म्हणून वेळेवर दिलेली भरपाई हा टेहळणीचाच भाग आहे.

जोखीम कोणाची : माकडताप (क्यासनूर वनरोग) १९५७मध्ये कर्नाटकातील शिमोगा भागात प्रथम आढळला. त्याचा विषाणू पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी शोधला. गेल्या दशकात हा ताप गोव्यातील सत्तरी आणि सिंधुदुर्गातील दोडामार्गपर्यंत पोचला. काजूचा हंगाम आणि हा ताप पसरवणाऱ्या गोचिडांच्या पिल्लांचा काळ एकच. बोंडू गोळा करताना हात पाचोळ्यात जातो, आणि जेमतेम दिसणारे ते पिल्लू कातडीला चिकटते. रानात माकड मरून पडणे ही धोक्याची पहिली सूचना. ती बहुधा गुराखी किंवा बागेतला मजूर देतो. खबर देणाऱ्याला रान बंद झाल्यामुळे मजुरी गमवावी लागू नये, एवढी हमी व्यवस्थेने द्यायला हवी. या तापावरची जुनी लस परिणामकारक राहिली नाही म्हणून २०२२मध्ये थांबवण्यात आली. रुग्ण थोडे आणि गरीब असले की बाजार लशीकडे वळत नाही. तिथे जबाबदारी सरकारची ठरते.

नमुने आणि लस : २००७मध्ये आरोग्यमंत्री सिती फादिलाह सुपारी यांच्या काळात इंडोनेशियाने बर्ड फ्लूचे नमुने जागतिक आरोग्य संघटनेला देणे थांबवले. नमुने आम्ही द्यायचे आणि त्यांपासून बनलेली लस आम्हालाच परवडू नये, हा त्यांचा आक्षेप होता. नमुने अडवल्याने जगाची टेहळणी कमकुवत होते, हे खरे; पण तक्रारही रास्त होती. त्यातून २०११मध्ये नमुन्यांच्या देवाणघेवाणीबरोबर लाभाची वाटणी सांगणारी आंतरराष्ट्रीय चौकट स्वीकारली गेली. मे २०२५मध्ये मंजूर झालेल्या जागतिक महासाथ करारातही हेच सूत्र आहे.

प्राण्यांची बाजू : डेन्मार्कने नोव्हेंबर २०२०मध्ये कोविडच्या भीतीने देशातील फरसाठी पाळलेले सर्व मिंक मारण्याचा आदेश दिला; ते दीड कोटीहून अधिक प्राणी होते. निरोगी कळपांना तो लागू करण्यास कायद्याचा आधार नसल्याचे उघड झाले आणि कृषिमंत्र्यांनी राजीनामा दिला. घाईतही कायदा पाळणे, कमीत कमी प्राणी मारणे आणि मारताना यातना टाळणे ही किमान बंधने आहेत. त्याआधीचा प्रश्न दाटीवाटीच्या पशुपालनाचा आणि जंगलतोडीचा आहे. माणूस, प्राणी व परिसर यांचे आरोग्य एकच मानणारी ‘वन हेल्थ’ दृष्टी तोच विचारते.

पूर्वतयारी न्याय्य आहे की नाही, हे साथ येण्याआधीच ठरलेले असते : मेलेल्या कोंबडीची किंवा माकडाची वर्दी देणारा माणूस ती निर्धास्तपणे देऊ शकतो का, यावरून.