पाणथरीची साक्ष

घरांतील एखाद्या मुलाला दिवसाआड थंडी वाजून ताप येऊं लागला, कीं पूर्वीच्या पिढीची आजी त्याच्या डाव्या बरगडीखालीं बोटें दाबून पाही आणि "पाणथरी वाढली" असा निकाल देई. ह्या निकालाला शास्त्राचा आधार काय, असें तिला कोणी विचारलें असतें तर तिनें विचारणाराचीच पाणथरी चाचपून पाहिली असती. परंतु यमुनेच्या कालव्यांमुळें आसपासच्या गांवांत ताप वाढतो कीं काय, हें पाहण्यासाठीं १८४५ मध्यें कंपनी सरकारनें जी समिती नेमली, तींतील डॉक्टर डेम्प्स्टर ह्यानेंही याहून वेगळें कांहीं केलें नाहीं. गांवोगांव लोकांचीं पोटें चाचपून किती जणांची पाणथरी वाढली आहे याची त्यानें मोजदाद केली, आणि त्या प्रमाणावरून गांवांतील हिंवतापाचें मान ठरविलें. पुढें शंभरांहून अधिक वर्षें जगभर हीच कसोटी वापरांत राहिली.

पाणथरी वाढते हें सर्वांस ठाऊक होतें. ती कां वाढते हें कळावयास मात्र फार काळ लागला. १८४७ सालीं हाइन्रिख मेकेल ह्या जर्मन वैद्यास एका मनोरुग्णाच्या शवविच्छेदनांत रक्तांत व पाणथरींत काळपट कण आढळले. दोन वर्षांनीं फिर्खो ह्यानेंही तेच पाहिलें. त्यानंतर युरोपांतील शवागारांत हे कण पाहणारे पुष्कळ निघाले, आणि ते पांढऱ्या रक्तपेशींच्या पोटांत असतात हेंही नमूद झालें. म्हणजे जेवणारा दिसत होता, त्याच्या पानांतलें उष्टेंही दिसत होतें. पानांत वाढलें काय होतें, एवढेंच कोणास उमगलें नव्हतें. ६ नोव्हेंबर १८८० रोजीं अल्जीरियांतील कोन्स्तांतीन येथील लष्करी रुग्णालयांत लाव्हराँ हा फ्रेंच वैद्य एका सैनिकाचें ताजें रक्त सूक्ष्मदर्शकाखालीं पाहत असतां काळे कण पोटांत असलेल्या एका गोलकाला चाबकासारखे तंतु फुटून ते वळवळूं लागले. निर्जीव मळ समजला गेलेला हा पदार्थ एका सजीव जंतूचा आहे, हें तेव्हां प्रथम कळलें. हा जंतु तांबड्या पेशींत शिरून हीमोग्लोबिन खातो. त्यांतील लोहयुक्त भाग त्याला स्वतःलाच बाधक असल्यामुळें त्याचे स्फटिक करून बाजूला टाकतो. काळे कण ते हेच. सतरा वर्षांनीं, २० ऑगस्ट १८९७ रोजीं, सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस ह्याला डांसाच्या जठराच्या भिंतींत जंतु ओळखतां आला तोही ह्याच काळ्या खुणेवरून.

ह्या दरम्यान जेवणाऱ्याचीही ओळख पटली होती. १८८२ सालीं सिसिलींतील मेसिना येथें एल्ये मेच्निकोफ ह्या रशियन प्राणिशास्त्रज्ञानें तारामाशाच्या पारदर्शक अळीच्या अंगांत गुलाबाचे कांटे टोंचून ठेविले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतो तों कांट्यांभोंवतीं फिरत्या पेशींचा घोळका जमलेला. बाहेरून आलेल्या शत्रूस गिळणाऱ्या पेशी प्राण्याच्या देहांत असतात, हा त्याचा सिद्धांत ह्या कांट्यांतून उगवला. १८८७ मध्यें त्यानें हिंवतापाचा विचार करून पाणथरी व यकृत यांतील मोठ्या भक्षक पेशी हा जंतु गिळतात असें प्रतिपादिलें. पाव्हियाच्या गोल्जीनें त्यापूर्वींच दाखविलें होतें कीं, तांबड्या पेशी फोडून जंतूंची नवी पिढी एकदम बाहेर पडते त्याच वेळीं रोग्यास हुडहुडी भरते. आपल्या आयुर्वेदांतील तृतीयक आणि चतुर्थक ज्वरांचें कोडें येथें सुटलें. भक्षक पेशींचें काम ह्याच ठराविक वेळीं रंगांत येतें, हेंही त्यानें पाहिलें.

जर्मन पंडितांना हें रुचलें नाहीं. रोग बरा होतो तो रक्तरसांत उत्पन्न होणाऱ्या प्रतिद्रव्यांमुळें. पेशी केवळ मागाहून येऊन प्रेतें उचलणाऱ्या, असें त्यांचें म्हणणें. १९०८ सालीं नोबेल समितीनें मेच्निकोफ आणि रसपक्षाचा एर्लिख ह्या दोघांना एकच पारितोषिक वांटून दिलें. अशानें वाद मिटत नसतात. परंतु समित्यांना याहून शहाणपणाचें क्वचितच सुचतें. हिंवतापाच्या बाबतींत तरी हा वाद मिटावयास आणखी ऐंशी वर्षें लागावयाचीं होतीं.

पाणथरी ही रक्ताची चाळणी आहे. तींतील अतिशय अरुंद फटींतून निरोगी तांबडी पेशी अंग चोरून निसटते. जंतूनें व्यापलेली पेशी ताठर झाल्यामुळें अडकते आणि तेथें बसलेल्या भक्षक पेशींच्या तावडींत सांपडते. मग सर्वच जंतु तेथें कां मरत नाहींत? मार्क्याफावा आणि बिन्यामी ह्या रोमच्या वैद्यांना घातक हिंवतापानें मेलेल्यांच्या मेंदूंत सूक्ष्म केशवाहिन्या अशा ग्रस्त पेशींनीं चोंदलेल्या आढळल्या होत्या. हा फाल्सिपेरम जंतु तांबड्या पेशीच्या पृष्ठावर एक चिकट प्रथिन उभारतो आणि वाहिनीच्या भिंतीला धरून बसतो, म्हणजे पाणथरीच्या वाटेला जाणेंच नको. ह्या प्रथिनाचे सुमारें साठ नमुने त्याच्या संग्रहीं असतात. शरीरानें एक ओळखावा तों तो दुसरा पांघरतो. शिवाय भक्षक पेशींनाही शांतपणें जेवतां येत नाहीं. जंतूंचें उष्टें पोटांत गेलें कीं त्या खवळून जीं द्रव्यें सोडतात, त्यांनींच ताप चढतो, आणि अतिरेक झाला तर मेंदूच्या विकारास हातभारही लागतो. रोग्याचा जीव घेण्यांत शत्रूचा वाटा किती आणि रक्षकाचा किती, हें येथें सांगणें अवघड आहे.

ह्यापेक्षांही अवघड गोष्ट रॉबर्ट कोख ह्याच्या प्रवासांतून पुढें आली. १८९९ व १९०० सालीं जावा आणि न्यू गिनी येथील वस्त्यांत रक्त तपासतांना त्याला दिसलें कीं, जेथें हिंवताप कायमचा मुक्कामाला आहे तेथें लहान मुलांचें रक्त जंतूंनीं भरलेलें असतें, मोठीं माणसें मात्र धडधाकट हिंडतात. ही प्रतिकारशक्ति जन्मतः येत नाहीं, ती मिळवावी लागते. १९२४ सालीं ख्रिस्टोफर्स ह्यानें बिहारांतील सिंहभूमच्या खाणींच्या मुलखांत हाच हिशेब बारकाईनें मांडला. पहिल्या एक-दोन वर्षांत जंतूंचा उच्छाद. पुढें वर्षामागून वर्ष त्यांची संख्या उतरत जाते. प्रौढाच्या रक्तांत थोडे जंतु राहतात, पण ते त्याला आडवें पाडीत नाहींत. वैद्यकाच्या दृष्टीनें हा आलेख मोठा मनोरम आहे. त्याच्या चढावर जीं मुलें गेलीं तीं उतारावर मोजलीं जात नाहींत, एवढें वाचणारानें ध्यानांत ठेवावें.

रस कीं पेशी ह्या प्रश्नाचें उत्तर भारतांतील माकडांनीं बरेंचसें दिलें. १९३२ सालीं कलकत्त्यास नोल्स आणि दासगुप्त ह्यांनीं माकडाच्या रक्तांतील एक जंतु माणसास बाधतो हें दाखविलें. नोल्सच्या नांवावरून त्याला नोलेसी म्हणतात. आपल्याकडच्या तांबड्या तोंडाच्या माकडाला तो बहुधा मारतोच. १९३७ मध्यें कॉगशॉल आणि कुम ह्यांनीं बऱ्या झालेल्या माकडांचा रक्तरस टोंचून दुसऱ्या माकडांतील ह्या रोगाचा जोर मोडला. रसपक्षाची सरशी झाली. परंतु त्याच वर्षीं शिकागोचा टॅलियाफेरो आणि भारतांत काम करणारा मलिगन ह्यांनीं माकडांच्या पाणथरी, यकृतें व अस्थिमज्जा तपासून दाखविलें कीं, जंतु प्रत्यक्षांत नाहींसे होतात ते भक्षक पेशींच्या पोटांत, आणि एकदां रोग भोगलेल्या प्राण्यांत हें भक्षण कितीतरी त्वरेनें चालतें.

१९६१ मध्यें गॅम्बियांत कोहेन, मॅकग्रेगर आणि कॅरिंग्टन ह्यांनीं प्रौढांच्या रक्तांतील गॅमा ग्लोब्युलिन आजारी मुलांस दिलें, तेव्हां मुलांच्या रक्तांतील जंतु झपाट्यानें उतरले. १९९० च्या सुमारास द्रुइल्ह आणि त्याचे सहकारी ह्यांनीं पश्चिम आफ्रिकेंतील प्रौढांचीं प्रतिद्रव्यें थायलंडमधील रोग्यांना देऊन तोच गुण पाहिला. आणि कांचेच्या नळींत पुन्हां प्रयोग केला तों एक विलक्षण गोष्ट आढळली. नुसतीं प्रतिद्रव्यें जंतूंना रोखीनात. रक्तांतील भक्षक पेशी सोबत घातल्या, कीं जंतूंची वाढ थांबे. मेच्निकोफ आणि एर्लिख ह्यांचें समेटपत्र आमच्या मतें तें हेंच. दोघांपैकीं कोणीही तें पाहावयास उरला नव्हता.

मध्यंतरीं ह्या ज्ञानाचा एक विपरीत उपयोगही होऊं पाहत होता. १९५० सालीं कंपाला येथें भरलेल्या हिंवताप परिषदेंत कांहीं जाणत्या तज्ज्ञांनीं असें मांडलें कीं, आफ्रिकेंत डांस मारल्यास लोकांची कष्टार्जित प्रतिकारशक्ति नष्ट होईल, म्हणून हात न लावणेंच बरें. ह्या म्हणण्यांत तथ्य मुळींच नव्हतें असें नाहीं. सतत संसर्ग नसेल तर ही शक्ति ओसरते, आणि मादागास्करच्या पठारावर नियंत्रण सुटल्यावर १९८० नंतरच्या दशकांत जी सांथ आली तिनें हें दाखवूनही दिलें. तथापि, मुलांनीं मरून प्रौढांनीं मिळविलेली ही दौलत राखण्यासाठीं आणखी मुलें मरूं द्यावीं, हा युक्तिवाद आपल्या स्वतःच्या मुलांविषयीं कोणी केल्याचें आम्हांस ठाऊक नाहीं. परिषदेनेंही अखेर नियंत्रणाच्याच बाजूनें कौल दिला.

लशीचा मार्ग दुसऱ्याच दारानें आला. डांसानें सोडलेला जंतु रक्तांत शिरण्यापूर्वीं यकृतांत दडून वाढतो, हें शॉर्ट आणि गार्नहॅम ह्यांनीं १९४८ मध्यें सिद्ध केलें. १९६७ सालीं रूथ नुसेन्झ्वाइग हिनें किरणांनीं दुबळे केलेले डांसाच्या लाळेंतील जंतु उंदरांना टोंचून त्यांचें रक्षण केलें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ मध्यें पहिल्या आणि २०२३ मध्यें दुसऱ्या लशीची मुलांसाठीं शिफारस केली. त्यांतील दुसरी ऑक्सफर्डमध्यें घडली आणि पुण्याच्या सीरम संस्थेंत तयार होते. दोन्ही लशी जंतूला यकृताच्या उंबरठ्यावरच गांठूं पाहतात. एकदां तो तांबड्या पेशींत शिरला कीं त्यांचा इलाज संपतो, आणि पुढचा कारभार पुन्हां पाणथरीकडे येतो.

त्या पाणथरीविषयींही जी समजूत होती ती आतां बदलावी लागली आहे. कोखनें जेथें रक्त तपासलें त्याच न्यू गिनी बेटाच्या पश्चिम भागांत तिमिका नांवाचें गांव आहे. मुख्यतः अपघातांमुळें ज्यांच्या पाणथरी काढाव्या लागल्या अशा तेथील लोकांच्या पाणथरी संशोधकांनीं तपासल्या आणि २०२१ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध केले. हीं माणसें तापानें आजारी नव्हतीं. पण त्यांच्या पाणथरींत व्हायव्हॅक्स जंतूंचा जो जिवंत सांठा आढळला, त्यापुढें रक्तांत फिरणारे जंतु अगदींच किरकोळ ठरले. शंभर जंतूंमागें अठ्ठ्याण्णवांहून अधिक तेथें, भक्षक पेशींच्या शेजारींच, सुखानें नांदत होते.