जुन्या बुडाला नव्या नळ्या

दुनळी बंदुकीत आधी थकतात त्या नळ्या. चाप, कमानी आणि बिजागरीचा सांगाडा यांना नीट तेलपाणी मिळालं तर शंभर वर्षंही काही होत नाही. नळीचं तसं नाही. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला की नळीत क्षार उरे, तो हवेतला ओलावा धरी आणि आतून खड्डे पाडी. खड्डे घासून काढावेत तर नळीची भिंतच पातळ होई.

अशा नळीला बाद ठरवणारी यंत्रणा ब्रिटनमध्ये जुनी आहे. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळाला 1637 साली सनद मिळाली, तर बर्मिंगहॅमचं परीक्षागृह 1813 च्या कायद्याने उभं राहिलं. नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार उडवून तिथे नळीची परीक्षा होते. टिकली तर तिच्यावर छाप बसतो, पोकळीचं मापही कोरलं जातं. पुढे घासूनपुसून ते माप मर्यादेपलीकडे वाढलं की छाप बाद, आणि अशी बंदूक तिथे विकणं गुन्हा.

मग राजमार्ग एकच : नव्या नळ्या घडवून घेणं. उंची कामात प्रत्येक नळी खालच्या खुंटाच्या अर्ध्या भागासकट एकसंध घडवतात, मग दोन्ही जोडून जुन्या सांगाड्यात बसवतात. खरी कसोटी या बसवण्यात. कारागीर नळ्यांच्या बुडावर दिव्याची काजळी धरतो, बंदूक मिटवतो, उघडतो. काजळी जिथे घासली गेली तिथे उंचवटा. तेवढ्यावरच कानशीचा हलका हात. पुन्हा काजळी, पुन्हा कानस. दोन्ही पृष्ठं सगळीकडे टेकेपर्यंत सुटका नाही. साहजिकच मजुरी एवढी होते, की साध्या बंदुकीच्या मालकाला त्यापेक्षा दुसरी बंदूक घेणं परवडतं.

विसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रिटिश कारागिरांनी स्वस्त वाट रुळवली. बुडापासून तीन-चार इंचांवर जुन्या नळ्या कापायच्या, उरलेला तुकडा आतून रुंद करायचा आणि त्यात नव्या पोलादी नळ्या बसवायच्या. आंब्याचं कलम करावं तसंच हे. खुंट आणि बिजागरीची बैठक, म्हणजे ज्यावर सगळी मेहनत खर्ची पडते तो भाग, मूळचाच राहतो. तरी काम सोपं नव्हे. दुनळीच्या नळ्या समांतर नसतात. दोन्हींचे छर्रे एकाच जागी पडावेत म्हणून तोंडाकडे त्या किंचित जवळ आणलेल्या असतात. तो कोन साधून मधली पट्टी पुन्हा डाखाने जोडावी लागते. वजन पुढे झुकलं, तर नेम धरताना बंदूक हातात जड वाटते.

अशी बंदूक पुन्हा परीक्षागृहात जाते आणि नळ्यांवर इंग्रजीत ‘स्लीव्हड’ असा शब्द ठोकला जातो. मला ही सक्ती फार योग्य वाटते. सांध्याची रेघ कोरीवकामाखाली दडवता येते, पुढे तर वेल्डिंगने ती दिसेनाशीच झाली. गिऱ्हाइकाने डोळ्यांवर विसंबून राहावं असं काही उरलंच नाही.

दुरुस्ती म्हणून हे काम मला अव्वल वाटतं, पण बाजार अजूनही मूळ कारखान्याने घडवलेल्या नळ्यांनाच जास्त मोल देतो. म्हणून जुनी इंग्रजी दुनळी पाहायला मिळाली तर आधी बुडाजवळचे छाप वाचा, तो शब्द शोधा आणि मगच किमतीचं बोला.