नौदलातील विद्युत कारागीर आणि ॲस्बेस्टॉस : लोणावळ्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

मावळ तालुक्यातील लोणावळा हे समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेले गाव. तरीही 15 फेब्रुवारी 1945 रोजी येथे ‘शिवाजी’ ही नौदलाची प्रशिक्षण संस्था कार्यान्वित झाली आणि जहाजांची बाष्पके व इंजिने सांभाळणाऱ्या नौसैनिकांच्या अनेक पिढ्या या घाटमाथ्यावर घडल्या. विद्युत शाखेचे शिक्षण मात्र जामनगरजवळील ‘वालसुरा’ येथे होत असे. शिक्षणाची ठिकाणे दोन होती, पण जहाजावर काम अनेकदा एकाच कोंदट कप्प्यात चाले. वाफेच्या नळ्यांशेजारूनच केबलींचे जुडगे गेलेले असत. ॲस्बेस्टॉसच्या इतिहासात लक्ष गेले ते प्रथम नळ्यांकडे. केबल जोडणाऱ्याची गणना फार उशिरा झाली. प्रस्तुत निबंधात या उशिराची कारणे तपासली आहेत.

स्वातंत्र्योत्तर नौदलातील ‘दिल्ली’ (1948), ‘म्हैसूर’ (1957) आणि ‘विक्रांत’ (1961) ही मोठी जहाजे ब्रिटिश बांधणीची व वाफेवर चालणारी होती. ज्या काळात ती बांधली गेली, त्या काळात ॲस्बेस्टॉस हे उष्णतारोधनाचे सर्वमान्य साहित्य होते. केवळ नळ्यांवरील वेष्टनातच नव्हे, तर विद्युत साहित्यातही त्याचा वापर होई. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी नौदलाच्या उष्णता व ज्वालारोधक केबलींमध्ये तांब्याच्या तारेभोवती ॲस्बेस्टॉस तंतूंचा नमद्यासारखा थर असे. केबल अखंड असेपर्यंत तो थर बाह्य आवरणाखाली दडलेला राही. कारागिराने टोक कापून, आवरण सोलून तार उघडी केली की तंतू सुटत. स्विचबोर्डाचे फलक आणि ठिणगीरोधक पेट्या यांतही हेच द्रव्य असे. तथापि केबलच्या धुळीइतकाच, किंबहुना अनेकदा त्याहून मोठा धोका शेजारच्या कामाचा होता. दुरुस्तीसाठी नळीवरचे जुने वेष्टन खरवडले जाई, तेव्हा त्याच बंद हवेत विद्युत कारागीर आपले काम करीत असे.

या प्रश्नावर 1946 साली फ्लायशर व सहकाऱ्यांचे एक सर्वेक्षण अमेरिकेत प्रसिद्ध झाले. युद्धनौकांच्या बांधणीत नळ्यांवर वेष्टन चढविणाऱ्या 1,074 कामगारांपैकी केवळ 3 जणांना ॲस्बेस्टॉसिस आढळला, म्हणून हे काम फारसे धोक्याचे नाही, असा निर्वाळा त्यात देण्यात आला. आकडा खरा होता. निष्कर्ष मात्र चुकला. तपासलेल्यांपैकी बहुतेकांची नोकरी दहा वर्षांहूनही कमी होती, तर ॲस्बेस्टॉसजन्य रोग प्रकट होण्यास बहुधा वीस ते चाळीस वर्षे लागतात. शिवाय ही पाहणी वेष्टनाच्या कामापुरतीच होती. ब्रिटनमधील डेव्हनपोर्टच्या नौदल गोदीविषयी हॅरिस यांचा अभ्यास 1968 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा वेष्टनकारांखेरीज इतर व्यवसायांतील माणसेही या रोगांना बळी पडत असल्याचे पुढे आले. ज्याच्या व्यवसायाच्या नावात ॲस्बेस्टॉस नव्हते, त्याच्या फुप्फुसात ते होते.

भारतात हा प्रश्न कायद्याच्या व्याख्यांतच अडकला. 1948 च्या कारखाने अधिनियमाने ॲस्बेस्टॉसिस हा कळविण्यायोग्य रोग ठरविला. पण त्याच अधिनियमातील ‘कारखाना’ या संज्ञेतून सशस्त्र दलांची फिरती पथके वगळली होती. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यातही सशस्त्र दलाचा सदस्य ‘कामगार’ मानला जात नसे. त्यामुळे गोदीतील मुलकी इलेक्ट्रिशियन कामगार ठरे, तर त्याच्या शेजारी तीच केबल सोलणारा गणवेशधारी नौसैनिक ठरत नसे. त्याच्यासाठी अपंगत्व निवृत्तिवेतनाचा मार्ग होता. मात्र त्यासाठी रोग सेवेमुळे उद्भवला वा बळावला, असे मानले जावे लागते. आणि रोग तर गणवेश उतरविल्यानंतर कैक वर्षांनी दिसू लागतो.

27 जानेवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात आरोग्य हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला. प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद नोकरीच्या आरंभापासून किमान 40 वर्षे किंवा निवृत्तीनंतर 15 वर्षे, यांपैकी जो काळ उशिरा संपेल तोपर्यंत जतन करावी, असाही आदेश दिला. रोगाच्या दीर्घ सुप्तावस्थेची एवढी स्पष्ट दखल आपल्याकडे त्यापूर्वी क्वचितच घेतली गेली असेल. परंतु हा आदेश ॲस्बेस्टॉस उद्योगांना उद्देशून होता. युद्धनौका हा ॲस्बेस्टॉसचा उद्योग नव्हे, ती केवळ त्याचे कोठार होती.

हे कोठार पुढे जहाजतोडणी कामगारांसमोर उघडले. फ्रान्सची ‘क्लेमांसो’ ही विमानवाहू नौका अलंगकडे निघाली असता तिच्यातील ॲस्बेस्टॉसवरून वादंग माजले आणि फेब्रुवारी 2006 मध्ये राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी तिला माघारी बोलाविले. ‘विक्रांत’ 1997 मध्ये सेवामुक्त झाली व 2014 पासून मुंबईच्या दारूखान्यात तोडली गेली. ‘विराट’ 2020 मध्ये अलंगला पोहोचली. जहाजावरील घातक द्रव्यांची यादी बंधनकारक करणारा हाँगकाँग करार 26 जून 2025 रोजी अंमलात आला. त्याच्या तिसऱ्या कलमानुसार तो युद्धनौकांना लागू नाही.