इलेक्ट्रिक ब्रश आला, मग खिलालची गरज संपली का?

दस्तरखान उचललं की आपल्या घरांत ठरलेलं दृश्य दिसतं. अब्बू काडेपेटीतली काडी शोधतात, चाचा झाडूची काडी मोडून घेतात आणि फुफी दुपट्ट्याची सेफ्टी पिन काढून कोपऱ्यात तोंड फिरवून बसतात. मटणाचा धागा दाढेत अडकलाय, तो निघेपर्यंत कुणाला चैन पडत नाही. म्हणजे दातांच्या फटी साफ करायला पाहिजेत हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. त्याला आपल्याकडे शब्दही आहे, खिलाल. फक्त आपण तो काहीतरी अडकल्यावरच करतो, आणि चुकीच्या वस्तूने करतो.

आता यात एक नवी वस्तू आली आहे. पुण्यात नोकरी करणारा मुलगा किंवा सौदीहून सुट्टीवर आलेला मामू घरी इलेक्ट्रिक ब्रश घेऊन येतो. परभणीच्या मेडिकलमध्येही सेलवर चालणारे ब्रश दिसायला लागलेत. ब्रश आणणारा हमखास सांगतो की आता हातही हलवायला नको, सगळं मशीन करतं. आमच्या शाळेतल्या पालकांकडूनही हेच ऐकलं, म्हणून हा विषय लिहायला घेतला. मशीन सगळं करत नाही. ते काय करतं आणि काय करत नाही, हे नीट समजून घेतलं तर पैसेही वाचतील आणि दातही.

ब्रश कुठे पोचत नाही

वर्गात आम्ही हे खडूच्या डब्याने समजावतो. डब्यात खडू एकमेकांना चिकटवून उभे केले आणि वरून, पुढून, मागून फडकं फिरवलं, तर खडूंच्या एकमेकांना टेकलेल्या बाजू तशाच राहतात. दाढेला पाच बाजू असतात: गालाकडची, जिभेकडची, चावायची, आणि शेजारच्या दातांना टेकलेल्या दोन. ब्रश साधा असो की विजेवरचा, तो पहिल्या तीन बाजूंचा मालक. उरलेल्या दोन बाजूंवर तो जेमतेम कडेपर्यंत जातो.

दातांवर जो बुळबुळीत थर जमतो त्याला प्लाक म्हणतात. तो जंतूंचा थर असतो, उरलेल्या अन्नाचा नाही. त्यामुळे चूळ भरून तो जात नाही, घासूनच काढावा लागतो. तसाच राहिला तर काही दिवसांत लाळेतल्या क्षारांमुळे कडक होतो आणि त्याचं कीटण बनतं. कीटण मग घरी निघत नाही, ते डॉक्टरच काढतात. हिरड्यांची सूज बहुतेक वेळा दोन दातांच्या मधल्या टोकापासून सुरू होते ती याचमुळे.

आमच्या अम्मींचा सवाल आम्हाला अजून आठवतो. चार दाढा काढून झाल्यावर त्या म्हणाल्या, "दिवसातून पाच वेळा वुजू करते, तीन-तीन कुल्ल्या करते, मिसवाक करते, तरी माझे दात का गेले?" तेव्हा आमच्याकडे उत्तर नव्हतं. आज सांगता येतं. कुल्लीने अन्नाचे कण जातात, मिसवाकने पुढच्या बाजू साफ होतात, पण फटींमधला थर तीस वर्षं कुणी काढलाच नव्हता. त्यात दोन गोष्टींची भर होती. एक म्हणजे मिश्री. भाजलेल्या तंबाखूची ही पूड आपल्याकडच्या कित्येक बायका दात घासायची म्हणून लावतात आणि तिची सवय लागते. दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ पासून देशात बंदी आहे, पण तव्यावर घरीच भाजलेल्या मिश्रीला कोण अडवणार? दुसरी गोष्ट म्हणजे शुगर. शुगर वाढलेली असली की हिरड्यांचा आजार लवकर बळावतो, आणि हिरड्या सुजलेल्या असल्या की शुगर आटोक्यात ठेवणं अवघड होतं. दोन्ही एकमेकांना ओढतात. घरात शुगरचा पेशंट असेल त्याने तर हा लेख दोनदा वाचावा.

इलेक्ट्रिक ब्रशचं खरं काम

हा ब्रश तसा जुना आहे. १९५४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ब्रोक्सोडेंट नावाचा पहिला विजेवरचा ब्रश निघाला. ज्यांना हाताने नीट घासता येत नाही अशा रुग्णांसाठी तो होता. आजही त्याचा सर्वात जास्त फायदा त्यांनाच आहे: सांधेदुखीने बोटं वळत नाहीत अशी दादी, लकव्याने एक हात गेलेले नाना, आणि घाईत दोन हात मारून पळणारी पोरं.

तंदुरुस्त माणसालाही थोडा फायदा होतो. कॉक्रेन ही संस्था जगभरच्या चाचण्या एकत्र करून तपासते. तिने २०१४ मध्ये ५६ चाचण्यांचा आढावा घेतला. तीन महिन्यांपेक्षा जास्त वापरानंतर साध्या ब्रशच्या तुलनेत इलेक्ट्रिक ब्रशने प्लाक सुमारे २१ टक्के आणि हिरड्यांची सूज सुमारे ११ टक्के कमी दिसली. फायदा आहे, पण चमत्कार नाही. साधा ब्रश दोन मिनिटं नीट फिरवणाऱ्याने कर्ज काढून मशीन घ्यायची गरज नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

घेतलाच, तर वापरायची रीत वेगळी आहे आणि बहुतेक घरांत इथेच चूक होते. आपल्याला जोर लावून घासायची सवय, जणू पातेलं घासतोय. इलेक्ट्रिक ब्रश घासायचा नसतो, नुसता टेकवायचा असतो. हिरडी आणि दात जिथे मिळतात तिथे तिरका टेकवावा, दोन-तीन सेकंद थांबावं आणि पुढच्या दातावर जावं. मशीन चालू असताना वरून आपण हातही जोरात चालवला तर हिरड्या मागे सरकतात, दातांची मुळं उघडी पडतात आणि थंड पाणी झोंबायला लागतं. बऱ्याच चार्जिंगच्या ब्रशमध्ये दर ३० सेकंदांनी इशारा होतो. तोंडाचे चार भाग धरून प्रत्येकाला ३० सेकंद, एकूण दोन मिनिटं.

डोकं नरम केसांचंच घ्या आणि तीन महिन्यांनी बदला. मशीन घरात एक चालेल, पण डोकं प्रत्येकाचं वेगळं हवं. घेण्याआधी त्या कंपनीची सुटी डोकी आपल्या गावात मिळतात का हे विचारून घ्या. नाहीतर भेट म्हणून आलेला महागडा ब्रश चार महिन्यांनी कपाटात पडतो. लाइट जाते ही अडचण मात्र फारशी नाही, कारण चार्जिंगचा ब्रश एकदा भरला की साधारण आठवडाभर तरी चालतो. पेसमेकर बसवलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

एक शंका आम्हाला दबक्या आवाजात नेहमी विचारली जाते, ब्रशचे केस डुकराचे तर नसतात ना? पूर्वी ते खरोखर जनावरांचे असायचे. १९३८ मध्ये अमेरिकेत नायलॉनच्या केसांचा ब्रश बाजारात आला आणि आज दुकानात मिळणारे नेहमीचे ब्रश नायलॉनचेच असतात. 'नैसर्गिक केस' असं पाकिटावर लिहिलं असेल तेवढं वाचून घ्या.

धाग्याचा खिलाल

काडी आणि पिन का नको? काडी फटीच्या तोंडाशी टोचते, दाताच्या बाजू पुसत नाही. पिनने हिरडीला जखम होते. शिलाई मशीनच्या रिळाचा दोरा वापरणाऱ्या बायाही आम्ही पाहिल्यात. विचार बरोबर आहे, पण तो दोरा हिरडीत कचकन उतरतो आणि कापतो. यासाठीच फ्लॉस नावाचा बारीक, गुळगुळीत धागा मेडिकलमध्ये छोट्या डबीत मिळतो. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या लीव्हाय पार्मली या दंतवैद्याने १८१९ मध्येच रेशमी धाग्याने फटी साफ करायचा सल्ला छापला होता.

साधारण दोन वीत धागा घ्या. दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळा, मध्ये दोन-तीन बोटं अंतर ठेवा. अंगठा आणि पहिल्या बोटाने ताणून धरा. फटीत खटकन दाबू नका, करवतीसारखा हळू मागेपुढे करत उतरवा. आत गेल्यावर धागा एका दाताला कवेत घेतल्यासारखा वळवा आणि हिरडीच्या कडेखालून वरपर्यंत तीन-चार वेळा पुसा. मग त्याच फटीत शेजारच्या दाताला तसंच. इथेच लोक चुकतात: धागा घातला, काढला, झालं समजतात. दोन्ही दात पुसले नाहीत तर खिलाल अर्धाच झाला. पुढच्या फटीसाठी धाग्याचा नवा भाग घ्या.

पहिल्या आठवड्यात रक्त येईल. आपल्याकडे रक्त दिसलं की माणूस सोडून देतो, पण रक्त बहुतेक वेळा आधीच सुजलेल्या हिरडीमुळे येतं आणि रोज साफ केल्यावर कमी होत जातं. दोन आठवड्यांनंतरही येतच असेल, किंवा दात हलत असेल, तर दवाखाना गाठा.

धागा सगळ्यांना जमत नाही, हेही खरं. कॉक्रेनच्याच २०१९ च्या आढाव्यात ब्रशसोबत फ्लॉस किंवा फटींचा छोटा ब्रश वापरल्याने हिरड्यांची सूज नुसत्या ब्रशपेक्षा कमी होऊ शकते असं दिसलं. पुरावा मात्र फार भक्कम नाही, असं त्यांनीच लिहिलंय. बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसणारा तो इवलासा ब्रश वय झालेल्यांना जास्त सोपा पडतो, कारण त्यांच्या फटी मोठ्या झालेल्या असतात. अम्मी आता तोच वापरतात. तरुणांच्या घट्ट दातांत तो शिरत नाही, तिथे धागाच.

आधी काय, कधी

आधी खिलाल, मग ब्रश. इराणमध्ये मशहद इथे २५ दंत-विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये छापून आलेल्या चाचणीत या क्रमाने फटींमधला प्लाक जास्त निघाला आणि पेस्टमधलं फ्लोराइडही तिथे जास्त राहिलं. चाचणी छोटी होती, पण गोष्ट पटण्यासारखी आहे. धाग्याने निघालेली घाण ब्रशने बाहेर जाते आणि मोकळ्या फटीत पेस्ट पोचते.

वेळ म्हणाल तर इशानंतर, झोपण्याआधी. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे रात्री राहिलेला थर जास्त नुकसान करतो. खिलाल दिवसातून एकदा पुरे, ब्रश सकाळ-रात्र. घासून झाल्यावर पेस्ट थुंकून टाका, पण भरपूर पाण्याने चूळ भरून फ्लोराइड धुऊन टाकू नका. वुजू करूनच झोपायची सवय असेल तर ब्रश आणि वुजूमध्ये थोडं अंतर ठेवा.

रमजानमध्ये सहरीनंतर, वेळ संपण्याआधी ब्रश उरकून घ्यावा. रोज्यात पेस्ट वापरणं बरेच उलमा मकरूह सांगतात, कारण चव आणि फेस घशात जायची भीती असते. दिवसा मिसवाक आहेच. खिलाल आणि पेस्टचा ब्रश इफ्तारनंतर, तरावीह झाली की निवांत करावा.

लहान मुलांसाठी मशीनची घाई नको. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी पेस्ट, तीही मोठ्यांनी स्वतः लावून द्यावी. मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे दिसत असतील आणि घरी बोअरचं पाणी पीत असाल तर पाणी तपासून घ्या. फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ ही शेवटची हद्द. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात काही गावांनी याचा त्रास भोगलाय, आणि ते डाग कोणत्याच ब्रशने जात नाहीत.

परभणीत सरस्वती धन्वंतरी दंत महाविद्यालय आहे. वर्षातून एकदा तरी तिथे किंवा जवळच्या दंतवैद्याकडे जाऊन कीटण काढून घ्या. जाताना शुगर-बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या, आणि आपल्या फटींना कोणत्या मापाचा छोटा ब्रश बसेल हे तिथेच विचारा. माप दाताप्रमाणे बदलतं. अम्मींना दोन वेगवेगळी लागतात.